पंचनाम्यात एकटी बाई कुठे?



२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावात घरोघर फिरत होतो. एका दारात चाळिशीची बाई भिजलेली ज्वारी उन्हात पसरत होती. नवऱ्यानं टाकल्याला बारा वर्षं झालेली. भावाच्या घरामागच्या खोलीत राहायची, शिलाईवर पोट. मशीन चिखलात गेलं. पंचनामा झाला तो भावाच्या नावानं. त्या वेळी शासनानं कुटुंबामागे ग्रामीण भागात १० हजार, शहरात १५ हजार रुपयांची मदत दिली. तीही भावाच्याच खात्यात. "तुझी चूल वेगळी असल्याचा कागद कुठाय?" असं तिला विचारलं गेलं. चूल तिच्यासमोर फुटून पडली होती.

२००५, २०१९, २०२१. दर पुरानंतर अलमट्टीची उंची, कोयनेचा विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं यांवर वाद झडतात. ते झडायलाच हवेत. पण मदत ज्या 'कुटुंबा'ला मिळते ते कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मदतीच्या निकषांत विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगतो. परित्यक्तेचा त्यात उल्लेख नाही. राज्य शासनाच्या 'घर दोघांचे' निर्णयानं घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय झाली, पण जिला घरातूनच काढलं तिचं नाव कोणत्या उताऱ्यावर लावणार? आणि हे आपल्या भागात घडतं! इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायांनी परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं म्हणून इथेच मोर्चे काढले होते.

धोक्याच्या सूचनेचंही तसंच. ती मोबाईलवर येते आणि मोबाईल पुरुषाच्या खिशात असतो. जनावरं, धान्य, म्हातारी माणसं यांची सोय लावत बाई शेवटपर्यंत घरात थांबते. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटली, त्यात बायका-मुलं बुडाली. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरड कोसळली ती माणसं घरात असताना. इकडे माण, जत, आटपाडीत टंचाई आली की पुरुष कामासाठी बाहेर पडतात, टँकरच्या रांगेत उरतात बाया. म्हणजे आपत्ती पाण्याची असो की पाण्यावाचूनची, एकटीची नोंद कुठेच नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गावच्या आपत्ती आराखड्यात एकट्या बायांची यादी पावसाळ्याआधीच जोडलेली हवी. ती पंचनाम्याला ग्राह्य धरावी, मदत तिच्या स्वतःच्या खात्यात जावी. १ मेच्या ग्रामसभेत आपल्या गटांनी हा ठराव मांडावा. "आमच्या गावात अशी कुणी नाही," हेच उत्तर आधी मिळेल. आम्हालाही एका सरपंचांनी तेच दिलं होतं. संध्याकाळी त्यांच्या अंगणातून उठेपर्यंत वहीत सात नावं झाली. त्यातलं एक त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं.