‘गोफर’चे दार कोणी बंद केले?

तंत्रज्ञानाच्या जगात एखादी गोष्ट मागे पडली म्हणजे ती निरुपयोगीच होती, असा सोयीस्कर समज रूढ आहे. ‘गोफर’ या जुन्या इंटरनेट प्रोटोकॉलचा इतिहास तो समज तपासायला लावतो. क्रोम, फायरफॉक्स, एज किंवा सफारीमध्ये गोफरचा पत्ता दिला, तर आज पान थेट उघडत नाही. मात्र अशी पाने पुरवणारे काही सर्व्हर अजून चालू आहेत. ‘लाग्रांज’सारखा छोटा, मोफत प्रोग्राम संगणकावर उतरवून घेतला, की ती पाने क्षणात वाचता येतात. याचा अर्थ मजकूर शाबूत आहे; वाचकाच्या हातातील साधनाने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे.

गोफरचा जन्म १९९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. मार्क मकहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध संगणकांवर विखुरलेली माहिती क्रमवार यादीच्या रूपाने वाचकासमोर मांडली. यादीतील ओळ निवडावी, पुढची यादी किंवा लेख उघडावा, इतकी ती सोपी होती. १९९३ च्या प्रारंभी विद्यापीठाने गोफर सर्व्हरच्या काही वापरांसाठी परवाना शुल्क आकारण्याचे सूतोवाच केले. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातील ‘सर्न’ संस्थेने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. वेबच्या विजयामागे चित्रे आणि मजकुरातच गुंफलेले दुवे ही कारणे होतीच. पण शुल्काच्या धास्तीनेही अनेकांनी गोफरकडे पाठ फिरवली. विद्यापीठाने २००० मध्ये हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आणले खरे, परंतु तोवर बैल गेला आणि झोपा केला, अशी अवस्था झाली होती. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा वेबची सरशी झालेली होती. साहजिकच आपल्याकडील बहुसंख्य वाचकांना गोफरची ओळखही झाली नाही.

पुढचा आघात ब्राउझरनिर्मात्यांकडून झाला. सुरक्षेतील एक त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमधील गोफरची सोय बंद केली. २०११ मध्ये फायरफॉक्सनेही ती काढून टाकली. स्वयंसेवकांनी फायरफॉक्ससाठी ‘ओव्हरबाइट’ हे जोडसाधन तयार केले. पण २०१७ मध्ये त्या ब्राउझरने जुन्या पद्धतीची जोडसाधनेच नाकारली. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार केव्हाही उठवला जाऊ शकतो, हाच यातला धडा. स्वतंत्र डेस्कटॉप क्लायंटचे महत्त्व नेमके इथे आहे.

असा क्लायंट एकट्यादुकट्यालाही लिहिता येतो, कारण मूळ व्यवहार अत्यंत साधा आहे. क्लायंट सर्व्हरच्या ७० क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करतो आणि एका ओळीची मागणी पाठवतो. सर्व्हर यादी किंवा मजकूर देऊन जोडणी तोडतो. यादीतील प्रत्येक ओळीचे पहिले चिन्ह प्रकार सांगते : ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढची यादी, ७ म्हणजे शोध. याउलट आधुनिक वेबचे इंजिन सांभाळणे इतके खर्चिक झाले आहे, की मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही स्वतःचे इंजिन सोडून २०२० मध्ये गुगलच्या पुढाकाराने विकसित होणाऱ्या क्रोमियमवर आधारलेला एज आणला. जगाने काय वाचावे, याच्या किल्ल्या अशा रीतीने मोजक्या हातांत एकवटत आहेत.

अर्थात, गोफरचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकता येणार नाहीत. मूळ गोफरमध्ये मजकूर सांकेतिक रूपात दडवून पाठवण्याची सोय नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार किंवा खासगी माहिती यांसाठी तो सर्वथा अयोग्य ठरतो. मजकूर कोणत्या अक्षरसंकेतात आहे, हे सांगण्याची तरतूदही त्यात नाही. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि क्लायंटने तो तसा ओळखला, तरच अक्षरे नीट उमटतात.

मराठी वाचकाला हे दुखणे नवे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापला स्वतंत्र फॉन्ट वापरत. त्या काळातील जतन केलेली पाने आज उघडली आणि तो फॉन्ट हाताशी नसला, तर समोर निरर्थक चिन्हांची रांग येते. शब्द नष्ट झालेले नसतात. ते वाचणारे साधन हरपलेले असते.

म्हणूनच गोफरच्या क्लायंटकडे केवळ हौशी मंडळींचा विरंगुळा म्हणून पाहणे योग्य नव्हे. आपण दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनवर पैसा आणि श्रम खर्च करतो. मात्र ते उद्या कोणत्या साधनाने वाचले जातील, हा प्रश्न क्वचितच विचारतो. ग्रंथ जपायचे असतील, तर ग्रंथालयाची किल्लीही जपावी लागते. ती किल्ली कोणाच्या खिशात आहे, याचा विचार वेळीच झालेला बरा.