विश्लेषण : वीजतारा जमिनीखाली गेल्या, तरी वीज का जाते?

पहिल्या जोराच्या पावसात गुलमोहराची एक फांदी तारेवर पडते आणि अख्खी गल्ली अंधारात जाते. त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी सुरू होते, ‘या तारा एकदाच्या जमिनीखाली घाला.’ मागणी रास्त आहे. मात्र भूमिगत केबल टाकलेल्या वस्तीतही वीज जाते, आणि गेली की कधी कधी जास्तच वेळ जाते. असे का होते?

भूमिगत तारांचा फायदा किती?

फायद्याबद्दल वाद नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. हजारो खांब आडवे झाले आणि काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. २०१४ च्या हुदहुद वादळात विशाखापट्टणमची अशीच दैना झाली होती, त्यानंतर तिथे भूमिगत केबलचे काम हाती घेण्यात आले. वाराणसीच्या जुन्या गल्ल्यांतल्या तारांचे जंजाळही अलीकडच्या काळात जमिनीखाली गेले. मुंबई शहरात बेस्टचे जाळे तर पूर्वीपासूनच भूमिगत आहे.

दाट वस्तीत मुद्दा जिवाचा असतो. नियमानुसार ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेपासून इमारत आडव्या अंतराने किमान १.२ मीटर दूर हवी. प्रत्यक्षात गॅलरी पुढे येते, ग्रिल लागते आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून तार हातभर अंतरावर राहते.

मग वीज का जाते?

वरच्या तारेवरचे बरेच बिघाड तात्पुरते असतात. फांदी घासली, फीडर ट्रिप झाला, फांदी बाजूला पडली की पुरवठा सुरू. तार तुटली तरी ती कुठे तुटली हे डोळ्यांना दिसते. केबलचे तसे नसते. तिचे इन्सुलेशन एकदा फुटले की ते आपोआप बरे होत नाही. बिघाड नेमका कुठे आहे, हे शोधायला टेस्टिंग व्हॅन बोलवावी लागते. आधी उपकरणाने अंदाजे अंतर काढायचे, मग केबलमध्ये उच्च दाबाचे झटके सोडून जमिनीवरून आवाज ऐकायचा. जागा सापडली की खड्डा, जॉइंट, चाचणी. मध्ये पाऊस आला की खड्ड्यातले पाणी उपसण्यापासून पुन्हा सुरुवात.

केबल मुळात कुठे फुटते? अनेकदा जॉइंटमध्ये. जॉइंट घाईत केला असेल तर ओल आत शिरते. आणि जॉइंट वाढतात ते खोदाईमुळे. पाण्याची लाइन, गॅस, इंटरनेट, रस्त्याचे काँक्रिटीकरण, प्रत्येकाचा जेसीबी वेगळ्या महिन्यात येतो. ११ केव्हीची केबल साधारण ९० सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा किंवा फरशा आणि धोक्याची पट्टी टाकून पुरायची असते. ठेकेदाराने ती दोन फुटांवरच उरकली, तर जेसीबीच्या पहिल्याच फटक्यात ती वर येते. चर एकदा बुजला की खोली कोण मोजणार?

खोदणाऱ्याने आधी कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. कल्पना उत्तम आहे, पण जमिनीखाली काय आहे याचा अचूक नकाशा संबंधित कंपन्यांकडे असेल तरच तिचा उपयोग. आपल्या अनेक शहरांत हा नकाशा जुन्या वायरमनच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की त्याच्यासोबत जातो.

मागणी करताना काय मागायचे?

‘तारा खाली घाला’ एवढेच लिहिलेला अर्ज अर्धवट आहे. पहिली मागणी रिंगची हवी. केबलला दोन्ही टोकांनी वीज मिळण्याची सोय असेल, तर बिघडलेला तुकडा वेगळा करून बाकीच्या गल्लीला दुसऱ्या बाजूने पुरवठा देता येतो. दुरुस्तीला दोन दिवस लागले तरी घरे अंधारात राहत नाहीत. ही सोय नसलेली केबल पुरणे म्हणजे दिसणारा बिघाड न दिसणारा करणे.

दुसरी मागणी रिकाम्या पाइपांची. आज बंगला आहे तिथे पुनर्विकासात सात मजले उभे राहतील, लिफ्ट आणि गाड्यांचे चार्जिंग येईल, भार वाढेल. चर उघडा असतानाच जादा पाइप टाकला तर पुढची केबल त्यातून ओढता येते. इंटरनेट आणि टीव्हीच्या वायरींसाठीही तसाच पाइप हवा. नाहीतर वीज खाली जाते, पण खांब मात्र काळ्या वायरींचे घोंगडे पांघरून तसाच उभा राहतो!

फीडर पिलरची जागा हा सोसायट्यांमधला खरा भांडणाचा मुद्दा. आपल्या गेटसमोर ती पेटी कुणालाच नको असते, मग ती सखल कोपऱ्यात ढकलली जाते. पाणी साचते तिथे दार तुटलेला पिलर हा तुटलेल्या तारेइतकाच जीवघेणा असतो. पेटी पाण्याच्या पातळीच्या वर, ओट्यावर आणि कुलूपबंदच हवी.

पैसे कोण देणार?

भूमिगत वाहिनी वरच्या तारेपेक्षा काही पटींनी महाग पडते. वीज कंपनीच्या मंजूर आराखड्यातले काम असेल तर खर्च शेवटी सर्वांच्या वीजदरात येतो. रहिवासी किंवा पालिकेच्या मागणीवरून काम झाले तर पैसे सहसा त्यांनाच भरावे लागतात. त्यात रस्ता खोदाईचे शुल्क वेगळे, ज्यावरून पुण्यात महापालिका आणि महावितरण यांच्यात ओढाताण झाली आहे. दोन्ही सार्वजनिक संस्था, दोन्हीकडचा पैसा नागरिकांचाच, आणि फाइल मात्र अडकलेली.

म्हणून प्रत्येक गल्लीत केबल पुरण्याचा हट्ट योग्य नाही. जिथे अडचण फक्त फांद्यांची किंवा आकडे टाकण्याची आहे, तिथे एरियल बंच केबल, म्हणजे खांबावरूनच जाणाऱ्या, इन्सुलेशन असलेल्या पिळलेल्या तारा, बऱ्याच कमी खर्चात काम भागवते. अरुंद गल्ली, शाळा किंवा बाजाराचा रस्ता, वादळी किनारा या ठिकाणी मात्र भूमिगत केबललाच प्राधान्य हवे.

पावसाळ्यात पालिका खोदाई थांबवतात. त्यामुळे अर्ज, संयुक्त पाहणी आणि अंदाजपत्रक दिवाळीच्या आसपास उरकले, तरच उन्हाळ्यापर्यंत चर खणून बुजवता येतो. तो बुजवण्याआधी खोली मोजायची, जॉइंटच्या जागांचे फोटो काढायचे आणि नकाशाची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात ठेवायची. या कामाला एक टेप आणि एक मोबाइल पुरतो.