कुष्ठरोग : औषधोपचार संपला, दाह मात्र कायम

पापनाशम (जि. तंजावर, तमिळनाडू) : कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या या तालुक्यात कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळतो. कुंभकोणमजवळ साक्कोट्टै येथे सेक्रेड हार्ट कुष्ठरोग केंद्रही आहे. खरी अडचण उपचार पूर्ण झाल्यानंतर सुरू होते.

कुष्ठरोगाचा जंतू अत्यंत संथ वाढतो. शरीरात जंतूंची संख्या मोठी असलेल्या रुग्णाला १२ महिने औषधे दिली जातात. जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष त्वचेत आणि नसांत दीर्घकाळ राहतात. त्यांच्याविरुद्ध शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा उसळली की अंगावर लाल, दुखऱ्या गाठी येतात, ताप चढतो, सांधे व डोळे सुजतात. वैद्यकशास्त्रात याला ‘एरिथेमा नोडोसम लेप्रोसम’ म्हणतात. लेप्रोमॅटस प्रकारच्या सुमारे निम्म्या रुग्णांना हा त्रास होतो. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे उलटत राहतो. औषधच बाधले, असा समज करून अनेकजण गोळ्या थांबवतात. नेमके हेच सर्वाधिक घातक ठरते.

यावर प्रेडनिसोलोन दिले जाते. मात्र ते दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, हाडांची झीज आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. थॅलिडोमाइड प्रभावी आहे, जेरुसलेममधील डॉ. जेकब शेस्किन यांनी १९६० च्या दशकात तिचा हा गुण दाखवून दिला. परंतु गर्भात गंभीर व्यंग निर्माण करणारे हे औषध कडक देखरेखीविना देता येत नाही, आणि ग्रामीण केंद्रात तशी देखरेख ठेवणे सोपे नाही.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले. तरीही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातील निम्म्याहून अधिक. आता २०२७ पर्यंत संसर्ग शून्यावर आणण्याचे लक्ष्य आहे. प्रचलन दर मोजताना केवळ उपचार सुरू असलेले रुग्ण धरले जातात. कोर्स पूर्ण करून बाहेर पडलेला आणि सहा महिन्यांनी गाठींसह परतलेला शेतमजूर या आकड्यात येत नाही. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्याच्या बधिर पायाला जखम झाली, तरी ती त्याला जाणवत नाही. म्हणूनच उपचारानंतरही हातापायांची संवेदना नियमित तपासणे आणि नव्या गाठी दिसताच तालुक्याबाहेर न धाडता स्थानिक पातळीवर औषध सुरू करणे, ही आरोग्य यंत्रणेची पुढील कसोटी आहे.