गेंड्याची कातडी कशाला?

पहिली कादंबरी छापून आलेल्या लेखकाला मराठीत एक सल्ला हमखास मिळतो : टीकेकडे लक्ष देऊ नकोस, कातडी गेंड्याची कर, लिहीत राहा. देणारा प्रेमाने देतो, ऐकणाऱ्याला बरंही वाटतं. यामागचा पूर्वपक्ष असा, की टीकाकार मत्सरी असतो, वाचक उथळ असतो आणि खऱ्या लेखकाला काळच न्याय देतो. यातलं शेवटचं विधान तर फारच सोयीचं. काळाला जाब कोण विचारणार?

हा सल्ला किती पोकळ आहे ते टॉमस हार्डीच्या उमेदवारीच्या दिवसांवरून कळतं. अभ्यासक्रमातून मराठी वाचकाला भेटतो तो ‘टेस’चा कीर्तिमान हार्डी. १८७१ सालचा हार्डी मात्र वास्तुविशारदांच्या हाताखाली जुन्या चर्चच्या दुरुस्तीचे नकाशे काढणारा, तिशीतला माणूस होता. त्याने लिहिलेली पहिली कादंबरी कुणी छापलीच नाही. एका प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखितं वाचणाऱ्या जॉर्ज मेरेडिथने, जो स्वतः नामवंत कादंबरीकार होता, त्याला १८६९ मध्ये आपुलकीने समजावलं : इतकी झोंबरी सामाजिक टीका सुरुवातीलाच नको, भरपूर कथानक असलेलं काही लिही. हार्डीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. खून, तोतयेगिरी, लपवलेलं मातृत्व असा सगळा मसाला घालून त्याने ‘डेस्परेट रेमेडीज’ रचली. टिन्स्ली या प्रकाशकाने लेखकाकडूनच ७५ पौंड घेऊन तिच्या ५०० प्रती काढल्या, त्याही लेखकाच्या नावाशिवाय. पदरचे पैसे घालून कादंबरी काढायची वेळ आपल्यावरच आली असं मानणाऱ्या आजच्या मराठी लेखकाने एवढं ध्यानात घ्यावं.

सुरुवातीचे अभिप्राय बरे होते. मग एप्रिलमध्ये ‘स्पेक्टेटर’ने झोडपलं. लेखकाने टोपणनावसुद्धा घेतलं नाही ते योग्यच केलं, अशा पुस्तकाने टोपणनावालाही बट्टा लागला असता, असा त्या परीक्षणाचा सूर. हार्डीने ते घराकडे चालत जाताना, शेताच्या कुंपणाच्या पायरीवर बसून वाचलं. त्या क्षणी मरण आलं तर बरं, असं त्याला वाटलं, आणि ती बोच उतारवयातही गेली नव्हती. पुढे उरलेल्या प्रती पडत्या भावात निघालेल्याही त्याने पाहिल्या.

पण त्याच जहरी परीक्षणात एक गोष्ट कबूल केलेली होती : खेड्यातली माणसं आणि त्यांचं जगणं या लेखकाला विलक्षण पकडता येतं. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, आलेली ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ नेमकी अशाच माणसांची आहे. चर्चमध्ये वाजवणारे गावकरी, त्यांची थट्टामस्करी, एक साधी प्रेमकथा. खून नाही, तोतया नाही. तिच्या हक्कांचे टिन्स्लीने जेमतेम ३० पौंड दिले. ती वाचून ‘कॉर्नहिल’चा संपादक लेस्ली स्टीफन याने आपल्या मासिकासाठी कादंबरी मागितली, आणि १८७४ मध्ये ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ तिथे क्रमशः आली.

म्हणजे हितचिंतकाच्या सल्ल्याने हार्डी भलत्या वाटेला लागला आणि हेटाळणी करणाऱ्याच्या लेखात त्याचं खरं बळ नोंदलेलं होतं. कातडी गेंड्याची असती, तर सगळे अभिप्राय तिच्यावरून सारखेच ओघळून गेले असते.

इथे प्रतिपक्ष ‘हिंदोळ्यावर’चं नाव पुढे करील, आणि ते रास्त आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथांनंतर १९३४ मध्ये विभावरी शिरूरकरांची ही पहिली कादंबरी आली, तेव्हा उठलेल्या गदारोळात पुस्तकापेक्षा लेखिकेचीच झडती जास्त झाली. टोपणनावामागे कोण आहे, बाईमाणसाने असं लिहावं का, हीच चर्चा. या ‘टीके’तून बाळूताई खरे यांनी, पुढच्या मालती बेडेकरांनी, शिकायचं तरी काय होतं? त्या लिहीत राहिल्या. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी करताना पाहिलेलं जग त्यांनी १९५० च्या ‘बळी’मध्ये मांडलं. कानाडोळा करावा तो अशा बोलण्याकडे. निकष अवघड नाही : परीक्षण पुस्तकातल्या पानाकडे बोट दाखवतं की लेखकाच्या घराकडे, एवढं बघावं. पानाकडे दाखवत असेल तर भाषा कितीही खवट असो, ते पान पुन्हा काढून वाचावं. त्याच दिवशी नव्हे, राग उतरल्यावर. आणि लगेच उत्तर लिहायला तर मुळीच बसू नये.

मराठीतल्या बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांच्या वाट्याला मात्र टीकाही येत नाही. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, वक्ते ‘दमदार पदार्पण’ म्हणतात (त्यातल्या एखाद्याने मलपृष्ठ तरी वाचलेलं असतं), फोटो निघतात आणि मग शुकशुकाट. ही निराशा हार्डीच्या वाट्याला आलेल्या निराशेपेक्षा वाईट, कारण तिच्यात पुन्हा काढून वाचावं असं एक वाक्यही नसतं. तेव्हा नव्या कादंबरीकारांनी आणि त्यांच्या प्रकाशकांनी एवढं करावं : पुढच्या समारंभाला एक वक्ता असा बोलवावा ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, आणि ते कुठे फसलंय हे पान उघडून सांगायला त्याला पंधरा मिनिटं द्यावीत.