ऐकून पाहा : बी. बी. किंग यांची गिटार



अमेरिकेतील काळ्या कष्टकऱ्यांनी जगाला जे संगीत दिले, त्याचे नाव ब्लूज. ते पहिल्यांदाच ऐकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? माझे उत्तर ठरलेले आहे : बी. बी. किंग यांचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' हा अल्बम.

किंग यांचा जन्म १९२५ सालचा, मिसिसिपी राज्यातला. दुसऱ्यांच्या शेतात त्यांनी कापूस वेचला, ट्रॅक्टर चालविला. पुढे इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि हाच शेतमजूर ब्लूजचा राजा म्हणून ओळखला गेला. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

शिकागोच्या काळ्या वस्तीत रीगल नावाचे मोठे थिएटर होते. तेथे २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेल्या कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण आहे. वांशिक भेदभावाविरुद्धचा नागरी हक्क कायदा त्याच वर्षी जुलैमध्ये मंजूर झाला होता. समोर बसलेले श्रोते किंग यांचे आपले लोक होते.

गिटार कशी ऐकावी? किंग गाताना वाजवीत नाहीत. एक ओळ गातात, थांबतात आणि मग गिटार उत्तर देते. डाव्या हाताच्या बोटाने ते तार आडवी ढकलून सूर चढवितात, बोट थरथरवून तो कंपित करतात. सूर मोजकेच, पण माणूस बोलावा तसे!

इंग्रजी कळत नाही म्हणून मागे हटू नका. चौथ्या गाण्यात पुरुष आपले गाऱ्हाणे मांडतो : एवढे दिले, तरी तुझे समाधान नाही. प्रत्येक ओळीला श्रोते ओरडून दाद देतात. ब्लूज म्हणजे नुसते रडगाणे नव्हे, हे येथे कळते. आपल्या माणसांत सांगितलेले दुःख हलके होते, त्यावर हसताही येते.

रीगल थिएटर १९७३ साली पाडले गेले. त्या रात्रीचा आवाज मात्र राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे.

हल्ली मोबाइलवरही हा अल्बम ऐकता येतो. दहा गाणी, सुमारे ३५ मिनिटे. एखादेच गाणे ऐकून सोडू नका. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरच्यांना घेऊन बसा आणि सलग ऐका. पहिल्या खेपेस लक्ष गिटारकडे ठेवा, दुसऱ्या खेपेस श्रोत्यांकडे. गाणे कोणासाठी होते, ते तेच तुम्हाला सांगतील.