मोटारीचे मूळ रूप : रंगापुरते की धुरापर्यंत?

भाईंदर, प्रतिनिधी

मुंबई महानगर प्रदेशातील हवेच्या प्रश्नावर स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेच्या सुनावणीत, पेट्रोल व डिझेलवरील वाहने टप्प्याटप्प्याने हद्दपार करता येतील काय याचा अभ्यास करण्याचे निर्देश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला दिले. त्यानुसार माजी सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यात आली. मीरा-भाईंदर हे याच महानगर प्रदेशाचा भाग असल्याने, हौसेने जुनी मोटार सांभाळणाऱ्या येथील मालकांनाही हा विषय परका नाही. मात्र या चर्चेत एक मुद्दा हरवला आहे. जुनी गाडी किती वर्षांची आहे हे सारेच विचारतात. धूर रोखण्यासाठी कंपनीने तिच्यात बसवलेली मूळ यंत्रणा जागेवर आहे काय, हे कोणीच विचारत नाही.

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हटले की रंग, क्रोम, गाद्या आणि बोधचिन्हे यांवर पैसा खर्च होतो. धूर नियंत्रणाचे भाग नजरेआड असतात, त्यामुळे ते सर्वांत आधी निघतात आणि परत बसवण्याचे कोणाच्या मनात येत नाही. हे भाग मुख्यतः तीन. पिस्टनच्या फटींतून क्रँककेसमध्ये उतरणारे वायू पूर्वी एका नळीने थेट बाहेर सोडले जात. पीसीव्ही व्हॉल्व्ह ते पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी पाठवतो. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात शोषून घेतली जाते. तिसरा भाग सायलेन्सरच्या मार्गावरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत होते.

१९९५ नंतरची पिढी

भारतात पेट्रोल मोटारींच्या उत्सर्जनावर वस्तुमानानुसार मर्यादा आली ती १९९१ मध्ये. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याचबरोबर तेथे शिसेविरहित पेट्रोलही आले. शिसे हे कन्व्हर्टरचे विषच. देशभर मात्र असे पेट्रोल २००० सालीच पोहोचले. मधल्या काळात महानगराबाहेर दूरच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीत शिसेयुक्त पेट्रोल भरले गेले, की आतील जाळी निकामी होण्यास सुरुवात होई. जाळी तुंबली की गाडीची ओढ कमी होते. अशा वेळी गॅरेजमध्ये सोपा इलाज होत असे : जाळी फोडून काढायची किंवा त्या जागी सरळ पाइप वेल्डिंग करायचा. काढलेल्या कन्व्हर्टरला भंगारात बऱ्यापैकी भावही मिळतो.

पीयूसी काय पाहते?

एवढे होऊनही अशा गाड्यांना प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र मिळते, याचे कारण चाचणीच्या रचनेत आहे. गाडी जागेवर उभी, इंजिन मंदगतीवर आणि सायलेन्सरमध्ये नळी. या स्थितीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तेवढे मोजले जातात. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकींसाठी ही मर्यादा अनुक्रमे ३ टक्के व १५०० पीपीएम अशी सैल आहे. स्टेज-२ व ३ च्या गाड्यांसाठी ती ०.५ टक्के व ७५० पीपीएम आहे. १९९६ सालची मोटार पहिल्या गटात मोडते. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ केले, की ती कन्व्हर्टरविनाही उत्तीर्ण होऊ शकते. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजली जात नाहीत आणि टाकीतून उडणारी वाफ तर सायलेन्सरपर्यंत येतच नाही.

भाईंदर पूर्वेला खाडीकाठी वसलेल्या जेसल पार्कसारख्या दाट वस्तीत ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची ठरते. जेथे इमारतीखालीच पार्किंग असते, तेथे गाडी आणि पहिल्या मजल्यावरील घर यांत एका स्लॅबचेच अंतर उरते. हौसेची मोटार आठवड्यातून एखाद्या दिवशी निघते, उरलेले दिवस कव्हराखाली उभी असते. कोळशाचा डबा काढलेला वा त्याच्या नळ्या तडकलेल्या असतील, तर ती बंद असतानाही पेट्रोलची वाफ सोडत राहते.

नियमांतील पोकळी

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी त्यास पात्र ठरते. चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरबदल चालत नाहीत. या व्याख्येत धूर नियंत्रणाच्या भागांचा वेगळा उल्लेख नाही. १९७५ पूर्वीच्या गाड्यांपुरते त्यामुळे बिघडत नाही, कारण येथील त्या पिढीत कन्व्हर्टर नव्हताच. परंतु १९९५ च्या मोटारी २०४५ मध्ये पन्नाशी गाठतील. तोवर त्यांचे मूळ कन्व्हर्टर, डबे व व्हॉल्व्ह शिल्लक राहिले नाहीत, तर ‘मूळ रूप’ या शब्दाला अर्थ उरणार नाही. तोपर्यंत या गाड्या अधांतरी आहेत : व्हिंटेजची सवलत नाही, आणि १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण मात्र आहे. २० वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाले.

कॅलिफोर्नियाने याबाबत वेगळी वाट धरली. तेथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल मोटारींना धूर तपासणीतून सूट आहे; १९७६ पासूनच्या गाड्यांत मात्र धुराबरोबरच कंपनीने दिलेली यंत्रणा जागेवर आहे की नाही, हेही डोळ्यांनी पाहिले जाते. त्यामुळे तेथील हौशी मालक मूळ व्हॉल्व्ह व नळ्या शोधून, दुरुस्त करून परत बसवतात. जुन्या गाड्यांना अधिक सूट देणारे, जे लेनो यांच्या नावाने ओळखले गेलेले विधेयक २०२५ मध्ये तेथील विधिमंडळात समितीच्या टप्प्यावरच अडले.

काम अवघड, अशक्य नाही

मूळ यंत्रणा परत बसवताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी इग्निशन टायमिंग, रिंगा, व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर ठीक करावे लागतात. कारण न जळलेले पेट्रोल पुढे गेले तर नवा कन्व्हर्टरही अतितापून जळतो. त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह, व्हॅक्युमच्या नळ्या व कोळशाचा डबा, आणि अखेरीस कन्व्हर्टर. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेल्याने जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या टिकत नाहीत. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे क्रमप्राप्त ठरते. खरी अडचण आहे ती सुट्या भागांची. मागणी नाही म्हणून ते मिळत नाहीत आणि मिळत नाहीत म्हणून मागणी होत नाही.

हे चक्र तपासणीच तोडू शकते. मीरा-भाईंदरला आता एमएच ५८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. नूतनीकरणाच्या वेळी गाडीखाली वाकून कन्व्हर्टर आहे की पाइप, एवढे पाहण्यास महागडे यंत्र लागत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेच आहे. गरज आहे ती हे तत्त्व सायलेन्सरपर्यंत नेण्याची.

तसे झाले नाही, तर निकष एकच उरेल : वय. राजधानी दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने हाच निकष लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तीही २० वर्षांची मर्यादा भरली म्हणून. तिच्या धुराचे मोजमाप त्यात आले नाही. वयाच्या कात्रीत निगा राखलेली आणि न राखलेली अशा दोन्ही गाड्या सारख्याच कापल्या जातात. आपली मोटार त्यातून वाचावी असे वाटणाऱ्या मालकांना, पुढच्या खेपेस रंगाआधी कन्व्हर्टरचा खर्च मांडावा लागेल.