एक पुरी खाल्ली म्हणून काय होतंय?

हा प्रश्न मला कुणा परक्या माणसाने विचारला असता, तर मी हसून सोडून दिला असता. तो विचारला आपल्याच माणसांनी. इटलीच्या सहलीत, आपल्याच स्वयंपाक्याने रांधलेल्या जेवणाच्या रांगेत, मी हातात ताट घेऊन उभी असताना. म्हणून हे लिहायला बसले.

मला सिलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतलं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. ही वजन उतरवायची टूम नव्हे. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन टाळणं एवढंच औषध, आणि टाळणं म्हणजे पावाचा चुरासुद्धा नको. माझं निदान चाळिशी उलटल्यावर झालं. त्याआधी दहा वर्षं ‘बायकांना रक्त कमीच असतंय’ हे ऐकत लोहाच्या गोळ्या गिळल्या.

बेळगावात असते तेव्हा माझं काही अडत नाही. जोंधळ्याची भाकरी, भात, नाचणीची आंबील. आपल्या आज्या जे खात होत्या त्यात ग्लुटेन नव्हतंच. अडतं ते घराबाहेर. विमानात तर गंमतच असते. जैन जेवणाचा संकेत वेगळा, ग्लुटेनमुक्त जेवणाचा वेगळा, आणि मागता येतो एकच. पहिला मागितला तर ताटात चपाती येते, दुसरा मागितला तर कोंबडी! मी डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणि मुरमुरे घेऊन बसते.

सहल ‘शुद्ध जैन जेवणा’ची होती. स्वयंपाकी बरोबर, शिधा बरोबर. निघण्याआधी मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ‘डाळ-भात आहेच की वहिनी, काळजी करू नका.’ रोमला पहिल्याच रात्री मी हिंगाची डबी मागून घेतली आणि मागचं वाचलं. आपला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. कांदा-लसूण नाही म्हणून आपण फोडणीत सढळ हाताने घालतो तो हाच हिंग. म्हणजे डाळ गेली. पापड पुऱ्यांच्याच तेलात तळलेले, तेही गेले. उपमा रव्याचा, आणि रवा म्हणजे गहूच. ‘खपली तर चालेल ना?’ असं एकीने प्रेमाने विचारलं. नाही हो, खपलीही गहूच.

मी कोरडा भात आणि दही घेतलं. मग सुरू झालं. ‘एवढं मनावर घेतलं की आजार वाढतो.’ ‘आमच्या वेळी नव्हती असली दुखणी.’ आणि एक ज्येष्ठ काकू माझ्या ताटात पुरी वाढत म्हणाल्या, ‘णमोकार म्हण आणि खा. एक पुरी खाल्ली म्हणून काय होतंय?’

मी खाल्ली. शरमेने खाल्ली, काकूंचा मान राखायला खाल्ली. पुढचे दोन दिवस सगळ्यांनी फ्लॉरेन्स पाहिलं, मी हॉटेलची न्हाणी पाहिली.

आता उलटं करून बघूया. त्याच काकूंच्या ताटात कुणी बटाट्याची एक फोड टाकून म्हटलं असतं, ‘एक खाल्ली म्हणून काय होतंय?’ तर? अख्खा गट उठला असता, आणि बरोबरच केलं असतं. वेगळं भांडं, वेगळं तेल, वेगळा चमचा म्हणजे काय, हे जगात आपल्याइतकं कुणाला कळतं? तरीही माझा तोच प्रश्न आपल्याला चोचला वाटतो. आपलं पथ्य तेवढा धर्म, दुसऱ्याचं पथ्य तो हट्ट. बटाट्यातल्या जिवाची आपण काळजी करतो, शेजारी बसलेल्या बाईच्या आतड्याची करत नाही. ही कसली अनुकंपा?

परत रोमला आल्यावर मी गट सोडून एका छोट्या खानावळीत गेले. इटालियनमध्ये लिहून आणलेली चिठ्ठी पुढे केली : मला सिलिअॅक आहे, शिवाय कांदा, लसूण, बटाटा, अंडं, मांस, चीज नको. पोराने चिठ्ठी आत नेली, स्वयंपाकिणीला घेऊन बाहेर आला. तिने मका-तांदळाचा पास्ता वेगळ्या पातेल्यात, नव्या पाण्यात उकडला. वर टोमॅटो, तुळशीच्या जातीची पानं, ऑलिव्हचं तेल. कांदा का नको हे तिला कळलं नसणार. पण ‘थोडा खाल्ला तर काय होतंय’ असं ती म्हणाली नाही. जूनचा महिना, सूर्य पावणेनऊला मावळणार होता. माझं जेवण त्याच्या आत झालं.

तिकडचं सगळं गोड आहे असं नाही. तिथल्या ग्लुटेनमुक्त पावात पुष्कळदा अंडं असतं, त्यांच्या नावाजलेल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. पण इटलीने २००५ साली सिलिअॅकच्या रुग्णांसाठी कायदा केला. शाळा, दवाखाने, सरकारी खानावळी यांत मागितल्यास ग्लुटेनमुक्त जेवण द्यावंच लागतं. पास्त्यावर जीव असलेल्या देशाने हे केलं. आपल्याला कायदा नको, नुसतं ऐकून घ्यायला हवं.

सहली काढणाऱ्यांनो, तुमच्या अर्जात ‘जैन’च्या खाली ‘आजाराचं पथ्य’ असा एक रकाना घाला. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो न्या. पापड आधी तळा, पुऱ्या नंतर. खर्च काही वाढत नाही.

आणि बायांनो, लपवू नका. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला यंदा हेच निदान झालं. तिच्या घरी ठरलंय : ‘लग्न जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.’ म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमात ती पोहे सोडून शिरा खाणार, सासरी गेल्यावर चपात्या खाणार, आणि एक दिवस तिचंही रक्त ‘कमीच’ असणार. मी बहिणीशी यावरून भांडले, अजून अबोला आहे.

पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी मी दोन नावं दिली आहेत, माझं आणि भाचीचं. अर्जावर रकाना नव्हता. मी पेनाने आखला आणि दोघींचं पथ्य त्यात लिहिलं.